‘या’ न म्हणणारं दुकान

“ज्या धंद्याचं नाव इंटरनेटवर नाही, तो धंदा मेला असं समजायचं, सुखरामभाऊ!” धर्मेंद्रने दोन्ही हात पसरून जाहीर केलं.

सुखराम सुतळीचा गुंडा करत होता. त्याने मान वर केली नाही. “पुरुष का बाई?” त्याने विचारलं.

“काय?”

“मेलं म्हणून राहिला ना तू. पुरुष का बाई? सामान येगळं लागते.”

यात सुखरामचा दोष नव्हता. पवनीत वैनगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान होतं. बापाच्या वेळेपासून त्या पायरीवर जो कोणी चढला, तो ‘मेला’ नाहीतर ‘गेली’ म्हणतच चढला. तो शब्द कानावर पडला की सुखरामचा हात आपोआप बांबूकडे जायचा. डाव्या फळीवर हिंदूंचं सामान, उजव्या फळीवर बौद्धांचं. इकडे मडकं आणि गुलाल, तिकडे मेणबत्त्या आणि उदबत्त्या. पांढरं कापड मात्र दोन्ही फळ्यांवर एकाच ताग्यातलं होतं.

धर्मेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा एसटीडीचा बूथ काढला होता. घरोघरी फोन आले, बूथ बसला. मग सायबर कॅफे काढला. इंटरनेट मोबाईलमध्ये शिरलं, कॅफे बसला. मग मोबाईल रिचार्जचं दुकान काढलं, तर लोक खाटेवर पडल्या पडल्या रिचार्ज करू लागले. एकाच शत्रूकडून इतक्यांदा मार खाल्ल्यावर शहाणा माणूस जे करतो तेच त्याने केलं. तो शत्रूच्या बाजूला गेला. घरी बसून एक ऑनलाइन कोर्स करू लागला आणि पन्नाशीत ‘डिजिटल मार्केटिंग सल्लागार’ झाला. पहिल्या गिऱ्हाइकाला सल्ला फुकट द्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. पहिलं गिऱ्हाईक सुखराम आहे, हेही त्यानेच ठरवलं होतं.

“मले कायले पायजे जाहिरात?” सुखराम म्हणाला. “माह्याकडे जाहिरात पाहून कोणी येत नाही. माणूस मरते म्हणून येतात.”

“स्पर्धा, भाऊ, स्पर्धा! उद्या नागपूरची एखादी कंपनी येईन. फोन केला का सामान घरी, गाडी घरी, सगळं घरी. लोक मोबाईलवर शोधतीन.”

“शोधत नाहीत रे. घरचे रडत असतात. सामान घ्यायले शेजारी येते.”

“शेजाऱ्यापाशी मोबाईल नसते का?”

सुखरामने सुतळीला गाठ मारली. हा विषय आता आपोआप थंड होईल, अशी त्याची समजूत. पण धर्मेंद्रचा आवाज चढला. “एकदा दुकान नेटवर टाकलं का ते पवनीपुरतं राहत नाही. दिल्लीचा पाहीन, मुंबईचा पाहीन. पुण्यात बसलेला माणूसही बसल्या जागी तुमचं दुकान पाहीन!”

सुतळी थांबली.

“पुण्यातला?”

“हो ना.”

“आणि त्यानं पाह्यलं का नाही, ते आपल्याले समजते?”

“समजते. नाव नाही समजत, गाव समजते.”

“मग टाक,” सुखराम म्हणाला.

पुण्याहून पवनीला तिरडीचं सामान घ्यायला कोण येणार, असा प्रश्न धर्मेंद्रला पडला. पण गिऱ्हाईक हो म्हणालं की सल्लागाराने कारण विचारू नये, एवढं त्याला कोर्सशिवायही कळत होतं.

कारण असं होतं की पुण्यात सुखरामचा एकुलता एक मुलगा राहत होता. वीरेंद्र. कुठल्याशा कंपनीत हिशेबाच्या कामाला होता, बायको रुपा तिथेच एका शाळेत होती. भांडण नव्हतं. दर रविवारी फोन यायचा. जेवलात का, तब्येत कशी, पाऊस पडला का, एवढं झालं की दोन्हीकडची माणसं थकायची. फक्त एवढंच, की आईच्या तेरवीनंतर वीरेंद्र घरी आला नव्हता. दोन दिवाळ्या गेल्या. दोन्ही वेळेला सुट्टी मिळाली नाही.

सुट्टीची गोष्ट सुखरामला पटत नव्हती. त्याला कारण ठाऊक होतं, आणि ते कारण त्याच्याच तोंडात होतं.

त्याच्या दुकानात कोणी कोणाला ‘या’ म्हणत नसे. गिऱ्हाईक जाताना ‘येतो’ म्हणत नसे, दुकानदार उलट ‘या’ म्हणत नसे. बापाने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. सामान बांधून हातात द्यायचं, मान हलवायची, तोंड मिटून ठेवायचं. पण माणसाला दुकानात एक जीभ आणि घरात दुसरी, अशी ठेवता येत नाही. वर्षांमागून वर्षं न वापरलेला तो शब्द सुखरामच्या तोंडातून हळूहळू नाहीसाच झाला. घरी आलेला पाहुणा ‘येतो जी’ म्हणून उठला, तरी तो नुसतं ‘हं’ म्हणायचा. पाहुणेही मनाला लावून घेत नसत. त्या माणसाने आपल्याला बोलावलं नाही तेच बरं, असा विचार करून चपला घालत.

घरातला तो शब्द त्याच्या बायकोकडे, पुष्पाबाईकडे होता. आमच्या भागात निरोप घेणाऱ्या माणसाला ‘येजो’ म्हणतात. ‘ये’ म्हणजे आत्ताच्या आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे सवडीने ये, जमेल तेव्हा ये, पण ये. वीरेंद्र बॅग खांद्याला लावून ‘येतो बाबा’ म्हणायचा, सुखराम ‘हं’ म्हणायचा, आणि आतून पीठ लागलेल्या हातांनी पुष्पाबाई बाहेर येत म्हणायची, “येजो रे बाबू!” मग तो निघायचा. दोघांचं मिळून एक निरोप देणं व्हायचं, आणि त्यातला बोलका भाग तिचा होता.

ती गेली तेव्हा सुखरामने पुण्याला फोन लावला आणि एकच शब्द बोलला. “ये.” वीरेंद्रने काही विचारलं नाही. बापाच्या तोंडून त्याने तो शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकला होता, आणि जे समजायचं ते तो समजला. त्या दिवशी सामान घ्यायला शेजारी आला नाही. सुखरामने स्वतःच दुकान उघडलं, फळीसमोर उभा राहिला, आणि सवयीने स्वतःलाच विचारलं, “पुरुष का बाई?” मग बराच वेळ तो तिथेच उभा होता.

तेरवी झाल्यावर वीरेंद्र निघाला. दारात ऑटो उभा होता. “येतो, बाबा.”

“हं,” सुखराम म्हणाला.

वीरेंद्र निघाला नाही. बॅगेचा पट्टा नीट केला, मग पुन्हा नीट केला. रुपाने उगाच चप्पल झटकली. दोघंही आतल्या दाराकडे पाहत होते, जिथून नेहमी तो शब्द यायचा. सुखरामला सगळं कळत होतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण शब्द काही आला नाही. ऑटोवाल्याने हॉर्न दिला आणि ते दोघे गेले.

तर असं होतं ते पुणे. धर्मेंद्रला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो जोमाने कामाला लागला.

“पहिली गोष्ट फोटो. दुकानदाराचा चेहरा दिसला का गिऱ्हाइकाले विश्वास वाटते. हसा, भाऊ.”

“या सामानापुढं हसलो त लोक काय म्हणतीन? सीझन चांगला चालू हाये म्हणतीन.”

“थोडंसं हसा.”

सुखराम थोडंसं हसला. फोटो रेशन कार्डावरच्यासारखा आला.

“दुकानाची वेळ?”

“लोकं जायाची काही वेळ असते का?”

धर्मेंद्रने ‘चोवीस तास सेवा’ असं लिहिलं. पत्ता नीट घातला, नकाशावर खूण केली, चालू असलेला फोन नंबर टाकला. निम्मे दुकानदार बंद पडलेला नंबर टाकून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतात, असं त्याने सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग त्याने फेसबुकवर पेज काढलं, आणि पवनी-भंडाऱ्यापासून तुमसरपर्यंत जेवढे म्हणून नातेवाईक होते त्यांना ते लाईक करायला लावलं. अंत्यविधीच्या दुकानाला अंगठा दाखवताना काहींनी खळखळ केली, पण धर्मेंद्रचा स्वभाव त्यांना माहीत होता. अंगठा दिल्याशिवाय तो फोन ठेवत नाही.

“आता रिव्ह्यू. आलेल्या गिऱ्हाइकाले सांगायचं, चांगलं वाटलं असेल त पाच तारे द्या.”

“कोणाले चांगलं वाटन रे इथं येऊन?”

तरी एक रिव्ह्यू आला. चार तारे होते आणि खाली लिहिलं होतं, ‘सामान चांगले. वेळेवर मिळाले. पण घरी मन लागत नाही.’

“उत्तर देणं जरुरी असते,” धर्मेंद्र म्हणाला. “मी लिहितो. धन्यवाद, पुन्हा सेवेची संधी...”

सुखरामने त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला. थोडा वेळ त्या चार ताऱ्यांकडे पाहिलं. “लिही,” तो म्हणाला. “आमचंही नाही लागत.”

रोज सकाळी धर्मेंद्र यायचा आणि सुखराम एकच विचारायचा. “पुण्याचं?”

“हाये. पुणे, एक.”

“कालचाच?”

“नाव समजत नाही ना, भाऊ. पण एक माणूस हाये पुण्याचा. रोज पाहते.”

सुखराम मान हलवायचा आणि त्या दिवशी सुतळीचा गुंडा जरा गोल यायचा.

पेजवर दर आठवड्याला काहीतरी नवीन टाकावं, हा धर्मेंद्रचा सल्ला त्याने लगेच उचलला. पण धर्मेंद्रने मडक्याचा फोटो काढावा, तर सुखराम त्याला घरी न्यायचा. अंगणातलं शेवग्याचं झाड. पुष्पाबाईने लावलेली वांगी, जी आता कोणी खात नव्हतं पण लागत होती. भिंतीला टेकवलेली वीरेंद्रची शाळेतली सायकल. सायकलीचा फोटो त्याने तीनदा काढायला लावला, कारण पहिल्या दोनांत घंटी दिसत नव्हती.

“भाऊ, यात प्रॉडक्ट कुठं हाये?”

“राहू दे तसंच.”

सायकलीपाशी आल्यावर हे सगळं पुण्याच्या वीरेंद्रसाठी आहे, हे धर्मेंद्रच्या ध्यानात आलं. त्यानंतर त्याने प्रॉडक्ट विचारणं सोडलं. काहीतरी सांगावं असं मात्र त्याला रोज वाटायचं, आणि रोज तो ते उद्यावर टाकायचा.

“आता शेवटची गोष्ट, आणि सगळ्यात मोठी,” एक दिवस तो म्हणाला. “पोस्टच्या शेवटी गिऱ्हाइकानं काय करायचं ते साफ सांगा लागते. फोन करा, नाही त ‘या’. शंभर फोटो दाखवा, पण ‘या’ म्हटलं नाही ना, त माणूस पाहते आणि निघून जाते. बोलावल्याशिवाय कोणी येत नाही, भाऊ. सगळा धंदा त्या एका शब्दावर हाये.”

सुखरामने सुतळीचा गुंडा खाली ठेवला.

“ते नको लिहू,” तो म्हणाला. “बाकी काहीही लिही.”

धर्मेंद्रने मान डोलावली आणि घरी जाऊन नेमकं तेच लिहिलं. त्याच्या कोर्सचं सर्टिफिकेट मिळायला एक खरीखुरी जाहिरात चालवून दाखवायची होती. मजकूर असा होता: ‘संपूर्ण कुटुंबासाठी सर्व साहित्य एकाच ठिकाणी. एकदा अवश्य या!’ जाहिरात सरसकट सगळ्यांना दाखवू नये, ज्याला वस्तूची गरज लवकर पडणार त्यालाच दाखवावी, हे तत्त्व तो शिकला होता. म्हणून त्याने ठिकाण टाकलं पवनी आणि आसपासची गावं, आणि वय टाकलं साठच्या वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पवनीतल्या साठीच्या वरच्या तमाम मंडळींना मोबाईलवर सुखराम दिसला. रिटायर पोस्टमास्तर परसरामजींनी मोबाईल बंद करून तांदळाच्या कोठीत ठेवला. ज्या दोन-तीन बायांनी फेसबुकवर वय कमी लावलं होतं त्यांना जाहिरात आली नाही, आणि त्या दिवसभर खुशीत होत्या. बाकीचे दुकानापुढून जाताना पलीकडच्या कडेने जाऊ लागले. सुखरामच्या घराशेजारच्या गोदावरीबाई मात्र पंच्याहत्तरीत काठी टेकत थेट पायरीपर्यंत आल्या. मोबाईल त्यांनी अंगापासून लांब धरला होता.

“कोण हाये रे इथं ‘या’ म्हणणारा?”

“काय झालं, काकू? बसा,” सुखराम म्हणाला.

“बसू? तुह्या दुकानात? पाय मोडले तरी नाही बसत! सकाळी भजन लावाले मोबाईल उघडला, त त्यात तू. तोंड असं करून! आणि खाली काय, त एकदा अवश्य या. दोनदा येता येते का रे मेल्या?”

“मी नाही लिव्हलं, काकू.”

“सगळ्या कुटुंबासाठी म्हणते! माह्या नातवाचं लगन ठरलं हाये, आणि हा कुटुंबासाठी म्हणते!”

धर्मेंद्र बांबूंच्या मागे काहीतरी शोधू लागला. गोदावरीबाईंनी काठीने बांबू बाजूला केले. “अन् तू रे लपोड्या? तूच होय ना मोबाईलवाला? तुह्या मायले गेलं का हे बोलावणं? तिले पाठव ना पहिले!”

“आईलेही गेलं, आजी,” धर्मेंद्र खालच्या आवाजात म्हणाला. “तिनं सकाळपासून जेवाले नाही देलं.”

गोदावरीबाईंचा राग जरा उतरला. त्या सुखरामकडे पाहत राहिल्या. “पुष्पी असती त तिनं हे होऊ देलं नसतं,” त्या म्हणाल्या. “तिच्या तोंडी शोभे तो शब्द. किती गोड म्हणे. भिंतीपलीकडून आयकू येये मले. तुह्या तोंडी नाही शोभत, बाबू.” त्या वळल्या. सवयीने ‘येतो’ म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली, आणि ‘जातो’ म्हणून गेल्या.

धर्मेंद्रने जाहिरात बंद केली. “काढली, भाऊ. चुकलंच माहं. पेजही काढून टाकू का?”

“पेज नको काढू,” सुखराम घाईने म्हणाला. “पुण्याचं माणूस पाहते ना रोज.”

धर्मेंद्रने मोबाईल खिशात ठेवला. पुन्हा काढला. “भाऊ, ते पुण्याचं माणूस म्हणजे रीना होय. माह्या भावाची पोरगी. तिथं नर्सिंगले हाये. मीच तिले पहिल्या दिवशी लाईक कर म्हटलं होतं.”

सुखरामने तयार झालेला सुतळीचा गुंडा सोडला आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतला.

“सगळे फोटो तिनंच पाह्यले?”

“हो.”

“सायकलीचा?”

“तो तिले आवडला. चालू हाये का विचारत होती.”

“चालू हाये,” सुखराम म्हणाला. “हवा भराव लागन.”

बाहेरून एक गाय गेली. धर्मेंद्रने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच सल्लागाराचा आवाज सोडून दिला. “भाऊ, फोन करा ना त्याले. जाहिरात परक्या माणसाले करतात. वीरेंद्रले कायले पायजे जाहिरात?”

“काय बोलू?”

“तेच. जे लिहू नको म्हटलं होतं तुमी.”

सुखरामने फोन लावला. रविवार नसल्यामुळे पलीकडे आधी काळजी वाजली आणि मग वीरेंद्र. “हां बाबा? बोला.”

“जेवला?”

“हो, आत्ताच. तुमी?”

“जेवलो. रुपा बरी हाये?”

“बरी आहे. पाऊस आहे का तिकडे?”

“नाही.”

झालं. तीन प्रश्न संपले. आता वीरेंद्र ‘ठेवतो’ म्हणणार. सुखरामने डोळे मिटले. पुष्पाबाई कशी म्हणायची ते आठवलं. आधी श्वास घ्यायची, मग ‘ये’ जरा लांबवायची, मग ‘जो’ हलकेच सोडायची. त्याने श्वास घेतला. शब्द सुरूही झाला. पण वापरात नसलेल्या जिभेला तो अख्खा पेलला नाही. अर्धाच बाहेर पडला.

“ये.”

पलीकडचा ऑफिसचा गलका एकदम बंद झाला. वीरेंद्र बाहेर जिन्यात आला असावा.

“कोण गेलं, बाबा?”

“कोणी नाही.”

“खरं सांगा. गोदावरी आजी? तुमाले काही झालं का? कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं रे. सगळे हायेत. मी तसंच म्हटलं.”

“तसंच म्हणजे?”

“तसंच. ये म्हणून.”

फोनमध्ये नुसता वीरेंद्रचा श्वास येत होता, पळत आलेल्या माणसासारखा. मुलाजवळ या शब्दाचा एकच अर्थ आहे, आणि तो आपणच त्याला दिलेला आहे, हे सुखरामला तो श्वास ऐकता ऐकता समजलं. धर्मेंद्र रस्त्याकडे तोंड करून उभा होता. रस्त्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

“घाबरलो ना मी,” वीरेंद्र म्हणाला.

“हं.”

“आता लगेच सुट्टीचं कठीण आहे. पाहतो.”

सुखरामने आयुष्यभर दुकान चालवलं, पण हा शब्द त्याने गिऱ्हाइकाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कापडाच्या दुकानात ऐकू येतो, भांड्यांच्या दुकानात ऐकू येतो. माणूस वस्तू हातात घेतो, उलटसुलट करतो, पुन्हा खाली ठेवतो आणि ‘पाहतो’ म्हणून निघून जातो. शेजारचे दुकानदार हसून सांगायचे, पाहतो म्हणणारा परत येत नाही. सुखरामच्या दुकानात सामान बघून पाहतो म्हणणारा कोणी नव्हता. तिथे येणाऱ्याला घ्यावंच लागे.

“हं,” तो म्हणाला. “काही घाई नाही. नाही जमलं त राहू दे.”

“पाहतो ना बाबा. ठेवू?”

“थांब. एक काम होतं.”

“बोला.”

“मोबाईलवर आपल्या दुकानाचं पेज हाये,” सुखराम म्हणाला. “त्याले तेवढं लाईक करून ठेवजो.”